बोर्डावरची म्हातारी

आमच्या थिएटरला भुताचा सिनेमा लागणार असला की मालक माझ्या शेडमध्ये येऊन एकच वाक्य बोलायचे, "पेंटर, रस्त्यानं चाललेल्या सायकलवाल्याचा पाय पायडलवरून सुटला पाहिजे." बाकी काही सांगायचे नाहीत. सिनेमाची गोष्ट त्यांनाही माहीत नसायची. रिळांची पेटी आलेली असायची, शुक्रवार तोंडावर असायचा आणि माझ्यासमोर वीस फूट लांब कोरं कापड.

मी यवतमाळात सिनेमाचे बोर्ड रंगवले. उभं आयुष्य त्यातच गेलं. आता नातवंडांनी विचारलं तर त्यांना आधी बोर्ड म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगतो. लाकडाच्या चौकटीवर मांजरपाट ताणून बसवायचा. त्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचा पातळ हात द्यायचा. वाळला की कोळशानं चौकोन आखायचे. मुंबईहून सिनेमाचे फोटो यायचे, त्या फोटोंवरही तेवढेच चौकोन आखायचे. फोटोच्या ज्या घरात डोळा, कापडाच्या त्याच घरात डोळा. माणूस बोटभराचा हत्तीएवढा होतो तो असा. रंगाची भुकटी जवसाच्या तेलात घोटायची. आमच्याकडे जवस चटणीला लागतो तसा मला रंगाला लागायचा, आणि घरी गेलो की बायको म्हणायची, तुमच्या अंगाला जेवणाचा वास येतो पण तुम्ही जेवलेले नसता.

प्रेमाचा सिनेमा असला तर उजेड वरून घ्यायचा, कपाळ आणि गाल उजळायचे. भुताचा असला तर उजेड खालून. हनुवटी, नाकपुड्या आणि भुवयांची खालची बाजू उजळली की देवमाणूससुद्धा खाऊ की गिळू असा दिसतो. त्यात पोपटी रंगाचा हात, डोळ्याच्या कडेला शेंदरी. एवढंच गुपित आहे. ते मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि त्यापुढची सगळी वर्षं मी तेच करत होतो.

नव्वदीच्या सुरुवातीला असल्या सिनेमांचा पूर आला होता. एक बंगला, पाच नट, धूर सोडायचं यंत्र आणि रबराचा मुखवटा, एवढ्यावर पंधरा-वीस दिवसांत सिनेमा उभा राहायचा. काही विज्ञानाचे असायचे. त्यात पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ काचेच्या नळीतून काहीतरी प्यायचा आणि त्याच्या हाताला केस फुटायचे. यंत्र म्हणजे पत्र्याच्या डब्यांना चंदेरी रंग आणि लग्नाच्या मांडवातली लुकलुकणारी माळ. नावं मी इथं लिहीत नाही. खरं म्हणजे लक्षातही नाहीत, कारण चार सिनेमांत एकच हवेली आणि एकच मुखवटा असायचा. आमच्याकडे प्रिंट पोहोचेपर्यंत ती दहा गावं फिरून झिजलेली असायची. एका सिनेमाचं चौथं रीळच नव्हतं. शास्त्रज्ञ तिसऱ्या रिळात माणूस होता आणि पाचव्यात एकदम विंचू. प्रेक्षकांनी तक्रार केली नाही. माणसाचा विंचू होतो हे त्यांनी मान्य केलं होतं, मग कसा होतो हे कशाला पाहिजे?

सिनेमावाल्यांना जे परवडलं नाही, ते बोर्डावर दाखवणं हे माझं काम. सिनेमात एक यान, तेही दोरीला टांगलेलं. बोर्डावर मी तीन काढायचो, खाली जळतं शहर. एकदा नेर गावाकडचा एक म्हातारा सिनेमा पाहून थेट माझ्या शेडमध्ये आला. रागावलेला नव्हता, पण हिशेब मागायला आल्यासारखा उभा होता. म्हणाला, "तुह्या बोर्डावर तीन यानं हायेत, आतमधी एकच हाये." मी म्हटलं, बाबा, बोर्ड असाच असतो. त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, "मंग इथूनपुढं मी बोर्डच पाहून जात जाईन." आणि तो खरंच तसं करायचा. बाजाराच्या दिवशी रस्त्यापलीकडे बसून भाकर खात बोर्ड पाहायचा आणि गाडीच्या वेळेला उठून जायचा. त्या म्हाताऱ्याचा मला फार अभिमान वाटायचा.

पुढं कापसाची वाईट वर्षं आली. बोंडअळीनं झाडं पोखरली, ज्याला पिकलं त्याला भाव नाही, खरेदी केंद्रापुढं गाड्या दोन-दोन दिवस उभ्या. कापूस पडला की यवतमाळात सगळंच पडतं. कापडवाला, हॉटेलवाला, सिनेमावाला. नवा सिनेमा मागवायला मालक धजेनात. मग ते नव्वदीतले जुने भुताचे सिनेमे पुन्हा मागवायचे आणि मला म्हणायचे, बोर्ड नवा कर, लोकांना सिनेमा नवा वाटला पाहिजे. पुढची गोष्ट त्या वर्षांतली आहे. अनेक वर्षं ती मी कुणाला सांगितली नाही.

त्या सिनेमात एक चेटकीण होती. पेटीसोबत फोटो आले नव्हते. पोस्टर होतं, पण त्याचा अर्धा भाग वाळवीनं खाल्लेला, आणि नेमकं तोंडच गेलेलं. मी मनानं तोंड काढायला बसलो. तीनदा काढलं, तीनदा पुसलं. माझी चेटकीण कधी कीर्तनकार दिसे, कधी सासू. शुक्रवारला चार दिवस राहिले होते.

थिएटरच्या फाटकाजवळ एक म्हातारी टोपली घेऊन बसायची. तिला मी इथं भागाबाई म्हणतो. बोरी अरबच्या पलीकडच्या एका लहान गावातून ती आठवड्यातून दोनदा एसटीनं यायची. हंगामाप्रमाणे बोरं, चिंचा, सीताफळं, कधी शिजवलेल्या शेंगा. नवरा कधीच गेलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन पार मारेगावकडे दिलेली, गावात ती एकटी. साठीच्या पुढची, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, पुढचे दोनच दात, एका डोळ्यात फूल पडलेलं आणि कपाळावर ठसठशीत गोंदण. त्या दिवशी दुपारच्या उन्हात तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला माझा चेहरा सापडला.

मी तिला म्हटलं, "मावशी, तुमचं चित्र काढू का? शेडमध्ये सावलीत बसायचं फक्त."

ती म्हणाली, "माह्यं? माह्यं कायले? माह्या तं फोटो बी नाही काढला कोनं अजून."

मी म्हटलं, सिनेमात एक आजी आहे, तिच्यासाठी. हे मी म्हटलं. आजी म्हटलं.

तीन दुपारी ती माझ्यासमोर स्टुलावर बसली. पदर नीट करून, हात मांडीवर ठेवून, जशी फोटो काढायला बसतात तशी. ती बोलत असायची आणि मी रंग घोटत असायचो. उजेड खालून घेतला. दात लांबवले. पांढरा डोळा होता तसाच ठेवला, कारण त्याच्याहून चांगला मला सुचला नसता. गोंदणही ठेवलं. चौथ्या दिवशी बोर्ड चढला आणि मालक रस्त्यापलीकडे जाऊन बराच वेळ पाहत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

भागाबाईला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. ती फाटकाजवळ त्या बोर्डाखालीच बसायची. लोक वर पाहायचे, खाली पाहायचे आणि हसायचे. ती विचारायची, चित्र कसं झालं रे पेंटर? मी म्हणायचो, झ्याक. लोक हसतात ते कौतुकानं हसतात असं तिला वाटत होतं, आणि त्या दोन आठवड्यांत तिची टोपली लवकर रिकामी व्हायची. मी मनाला समजावलं की झालं ते बरंच झालं.

सिनेमा उतरला तशी प्रिंट आणि बोर्ड दोन्ही बोरी अरबला तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एका तंबूवाल्यानं नेलं. बोर्ड गावोगाव फिरतात हे मला ठाऊक होतं. माझ्याच हातानं मी तो त्याच्या गाडीत चढवून दिला. तो कुणाच्या गावाकडे चालला आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं नाही की येऊ दिलं नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर भागाबाई यायची बंद झाली. एक बाजार चुकला, दुसरा चुकला. आजारी असेल म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात एक शाळामास्तर शेडमध्ये आले. पन्नाशीचे, धुवट पायजमा, हातात छत्री. बोर्डाच्या कोपऱ्यात मी 'यवतमाळ, यशवंत आर्ट्स' अशी सही करायचो, ती वाचून ते शोधत आले होते. ते भागाबाईच्या गावच्या शाळेत होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं.

तंबूवाल्यानं बोर्ड एका गाडीवर उभा केला, भोंगा लावला आणि आसपासची गावं फिरवली. भोंग्यावरचा माणूस ओरडत होता, चेटकीण आली, तुमच्या गावात आली. ती गाडी भागाबाईच्या गावात आली तेव्हा ती विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. पोरांनी आधी गाडीवरचं तोंड पाहिलं, मग तिचं. पोरं पळाली. त्या वर्षी त्या गावात कापसाचं पार वाटोळं झालं होतं. दोन पोरांना ताप होता. शालिक नावाच्या एका तरण्या शेतकऱ्याचा बैल गोठ्यात तडफडून मेला होता. गाव कारण शोधत होतं, आणि कारण गाडीवर बसून गावात आलं. आठ दिवसांत विहीर तिला बंद झाली. घरावर दगड पडले. मास्तरांची बायको मागच्या दारानं पाणी देत होती म्हणून ती जगली होती. पोलीस पाटील म्हणत होता, गावचं गावात मिटू द्या. आता सोमवारी दुपारी पारावर भगत येणार होता. तो तिची परीक्षा घेणार. परीक्षा म्हणजे काय, ते मास्तरांनी सांगितलं. उकळत्या तेलातून हातानं नाणं काढायचं.

मी म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण म्हणालो. "गुरुजी, ते चित्र आहे. चित्राला काय घाबरायचं?"

मास्तर म्हणाले, "लोकांनी घाबरावं म्हणूनच तर तुम्हाला कामावर ठेवलंय ना?"

मग छत्री उचलून ते म्हणाले, तुम्ही सोमवारी यावं, तुम्ही स्वतः सांगावं. माझं ते ऐकत नाहीत. आणि निघून गेले.

मी मालकांना विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. पण म्हणाले, जाऊ नको. जमाव असतो, तुझंही डोकं फुटेल. आणि बोर्डावर थिएटरचं नाव आहे, तू जाऊन कबूल केलंस तर आपण सगळेच अडकू. मी दोन रात्री झोपलो नाही. शेवटी सोमवारी सकाळच्या गाडीनं निघालो. धाडस वगैरे काही नव्हतं. तेलाच्या कढईचं चित्र डोळ्यांपुढून जाईना, आणि चित्र डोळ्यांपुढून घालवायची युक्ती माझ्या उस्तादांनी शिकवली नव्हती. पिशवीत रंगाचे डबे, चार ब्रश आणि हात दिलेलं गजभर कापड घेतलं.

पारावर पन्नास-साठ माणसं होती. भगत लिंबं मांडून बसला होता. चूल मांडलेली, कढई अजून चढली नव्हती. भागाबाई तिथं नव्हती. तिला नंतर आणणार होते. मास्तरांनी मला पुढं केलं. मी हात जोडून सांगितलं की ते चित्र माझ्या हातचं आहे. फोटो मिळाला नाही म्हणून मी या बाईला समोर बसवलं, तिला खोटं सांगितलं आणि तिच्या तोंडावर चेटकिणीचे दात लावले. चूक माझी आहे, तिची नाही.

मला वाटलं होतं एवढं पुरेल. भगतानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढ्या मोठ्या यवतमायात तुले हेच बुढी काहून दिसली? तुह्या हातानं वळखलं तिले. तुले नाही समजलं, हाताले समजलं."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या कबुलीचा त्यानं पुरावा करून टाकला होता. 

मग मला एवढंच सुचलं की जे येतं ते करावं. मी पोलीस पाटलांना म्हटलं, पाटील, तुम्ही गावातले मोठे, अर्धा तास माझ्यासमोर बसा. त्यांना वाटलं मी त्यांची तसबीर काढतो आहे. मिशीवरून हात फिरवून ते बसले. कापड मी पाराच्या चौथऱ्याला ताणून लावलं, सगळ्यांना दिसेल असं. आधी त्यांचं तोंड हुबेहूब काढलं. लोक जवळ सरकले, म्हणाले, पाटीलच हायेत. मग एकेक गोष्ट सांगत मी रंग बदलत गेलो. आता उजेड खालून घेतो. आता गाल खोल करतो. आता पोपटी. आता दात. पाटील लोकांच्या डोळ्यांसमोर भूत होत गेले. एक लहान पोरगी रडायला लागली आणि आईनं तिला कडेवर घेऊन पाटलांकडे बोट दाखवलं, की ते बघ, ते तिथंच बसलेत. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. पाटलांनी चित्र पाहिलं आणि हसावं की रागवावं हे त्यांना कळेना. मी म्हटलं, पाटील चेटूक करतात का? माझ्या हातानं यांनाही ओळखलं का?

भगत खाली पाहून लिंबं सारखी करत राहिला. पण शालिक उभा राहिला. रागानं नाही, त्याचा आवाज थकलेला होता. "हे समदं ठीक हाये पेंटरभाऊ. माह्या बैलाचं सांगा. चांगला उभा बैल एका दुपारात गेला. त्याचं काय?"

हसू थांबलं. बैलाचं मला काय माहीत?  भगतानं एक लिंबू उचलून हातात घेतलं. माझ्या लक्षात आलं की मी भुताचं उत्तर दिलं होतं, दुःखाचं नाही, आणि लोक तिथं दुःखाचं उत्तर मागायला जमले होते.

तेव्हा बायकांच्या बाजूनं एक बाई बोलली. वीस-बावीसची, डोक्यावर पदर. शालिकची बायको नंदा. ती नवऱ्याकडे न पाहता जमिनीकडे पाहून बोलली.

"बैल टाक्यातलं पानी पेला. फवारनीचा पंप मी टाक्यात धुतलता. त्या दिवशी तुमी बाजारात गेलते. मी भेवानं सांगतलं नाही."

टाकं म्हणजे गोठ्यातलं जनावरांच्या पाण्याचं. त्या वर्षी बोंडअळीसाठी लोक एकावर एक औषधं मारत होते, दर आठवड्याला नवी बाटली. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. पंप मिळेल त्या पाण्यात धुतला जायचा. हे सगळं गावाला एका क्षणात कळलं, कारण प्रत्येकाच्या घरी एक टाकं होतं.

 तिची सासू मटकन खाली बसली. मला वाटलं शालिक आता तिच्यावर हात टाकतो. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग वळून एकटाच घराकडे चालू लागला. नंदा तिथंच उभी राहिली. मास्तरांची बायको जाऊन तिच्याजवळ उभी राहिली. मग आणखी एक बाई. भगतानं लिंबं पिशवीत भरली. चुलीवर कढई चढली नाही.

मी त्या दिवशी तीन तास बोललो आणि रंगवलं, पण भागाबाईचा हात वाचवला तो त्या पोरीनं, स्वतःवर घेऊन. पुढं मास्तरांनी पत्रानं कळवलं की शालिक दोन महिने तिच्याशी बोलला नाही. पुढच्या हंगामात त्यानं फवारणीसाठी वेगळं पिंप आणलं आणि शेताच्या बांधावर ठेवलं. तापाची पोरं मास्तरांनी सरकारी दवाखान्यात नेली होती, ती बरी झाली.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. मी भागाबाईच्या घरी गेलो. ती दाराआड पेटी भरून बसलेली होती. मुलीकडे जायचं तिचं ठरलं होतं. मी उंबऱ्याबाहेर बसलो आणि सगळं सांगितलं, आजी म्हटलं ते खोटं होतं तेही.

तिनं पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मी तशी दिसते का रे?"

"नाही मावशी. मी तशी दाखवली."

"मंग मले इचारलं काहून नाही?"

 मी म्हटलं, मावशी, मी तुमचं खरं चित्र काढून देतो, आहात तसं, चांगल्या रंगात. शाळेत लावू, पारावर लावू, सगळ्यांना पाहू दे.

ती म्हणाली, "नको. आता माह्यं तोंड कोठीच लावू नको."

परत येताना मी बोरी अरबला उतरलो. तंबूबाहेर बोर्ड उभा होता. पिशवीत पांढऱ्या रंगाचा डबा होता, तो घेऊन मी त्या तोंडावर जाड हात मारला. तंबूवाला धावत आला, बरंच बोलला, त्याचं नुकसान होतं हे खरंच होतं. उरलेले दिवस तो सिनेमा तोंड नसलेल्या बोर्डावर चालला. त्यानं नंतर मालकांना कळवलं की गर्दी कमी झाली नाही.

मालकांनी मला काढलं नाही, पण भुताचे बोर्ड त्यानंतर ते दुसऱ्याकडून करून घेऊ लागले. मी विहाराच्या भिंती रंगवल्या, शाळांची नावं, दुकानांच्या पाट्या, खताच्या आणि बियाण्याच्या जाहिराती. मग फ्लेक्स आला आणि आठ दिवसांचं काम आठ मिनिटांत होऊ लागलं. थिएटर बंद झालं. माझे ब्रश मी अजून तेलात ठेवतो, सवय म्हणून.

भागाबाई मुलीकडे आठ-नऊ वर्षं जगली. ती गेल्यावर काही दिवसांनी मुलीचा, सुमनचा, निरोप आला. मी मारेगावच्या गाडीत बसलो. रागावेल असं वाटलं होतं. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "मायचा एक बी फोटो नाही. कोनी काढलाच नाही. तुमाले तिचं तोंड पाठ हाये, तुमी काढून देसान का?"

तिची आई मला शेवटी म्हणाली होती की माझं तोंड कुठंच लावू नको, ते मी तिला सांगितलं.  चुलीवर काहीतरी उतू जात होतं, ते तिनं उतरवलं. मग म्हणाली, "मंग लावत नाही. पेटीत ठेवीन. मले पाहावं वाटलं त पेटी उघडून पाहीन."

दोन दिवस मी तिच्या ओसरीवर बसलो. वहीएवढं चित्र, फक्त तोंड. एकही चौकोन आखावा लागला नाही. हात आपोआप चालत होता. डोळ्यातलं फूल, गोंदण, ओठाच्या कडेची ती बारीक घडी. सुमन येता-जाता थांबून पाहायची. पूर्ण झाल्यावर तिनं ते दोन्ही हातांत धरलं आणि दारातल्या उजेडात नेलं. मग आत येऊन माझ्यासमोर बसली.

"ते तीन दिस तुमच्यापुढं बसली होती ना. माय सांगे मले, पेंटरसंगं लय बोलली म्हने, एवढं कोनासंगं नाही बोलली. काय सांगे ते?"

मी आठवायला लागलो. लहानपणी नदीला पूर आला तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून पलीकडे गेल्याचं तिनं सांगितलं होतं. सुमनच्या जन्माच्या वेळी घरात कुणी नव्हतं आणि शेजारच्या कोलाम बाईनं तिचं बाळंतपण केलं, हेही सांगितलं होतं. एवढं मी सुमनला सांगितलं.

तिनं ऐकलं. पदरानं डोळे पुसले. "आजून?" म्हणाली.

मी खूप आठवलं. तीन दुपारी ती माझ्यासमोर बोलत होती. तिच्या तोंडावरची एकेक रेघ माझ्या हातात होती. पण ती बोलत असताना मी तिचं तोंड पाहत होतो, ऐकत नव्हतो.

"आजून काही आठवत नाही बाई," मी म्हटलं.

सुमननं चित्र एका धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. मग ती मला गाडीपर्यंत सोडायला आली.